सापळ्यांच्या नोंदी मेलने पाठवताना: आपोआप पोच की माणसाची पोच?

कामगंध सापळ्यांत (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणाऱ्या) अडकलेल्या बोंडअळीच्या पतंगांच्या नोंदी दर आठवड्याला मेलने संशोधन केंद्राला पाठवायच्या, तर त्या पोहोचल्या हे कशावरून धरायचं? एक तर केंद्राच्या खात्यावरून आपोआप येणारं ‘मेल मिळाला’ हे उत्तर, नाहीतर तिथल्या माणसाने फाईल उघडून दिलेली पोच. मेल वाचल्याची पावती मी मोजतच नाही. साध्या जीमेल खात्यावरून ती मागता येत नाही.

आपोआप पोच रात्री-रविवारीही येते, तारीख-वेळेचा पुरावा राहतो. गावात रेंज नसली की मेल फोनच्या आउटबॉक्समध्येच पडून राहतो, तेही पोच न आल्याने लगेच लक्षात येतं. शेकडो गावांच्या नोंदी जिथे जातात, तिथे बहुधा हाच मार्ग परवडतो.

पण फाईल जोडायची राहिली तरी ही आपोआप पोच येतेच. आणि खरी डोकेदुखी तारखांची. सीएसव्ही फाईलमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाईल) ५ ऑगस्ट ‘०५/०८’ असा लिहिलेला असतो. उघडणाऱ्या कॉम्प्युटरवर अमेरिकी तारीख-पद्धत असली की त्याचा ८ मे होतो. मे महिन्यात कोरडवाहू वावरात पऱ्हाटी (कपाशी) कुठली? १३ तारखेपासून पुढच्या नोंदी मात्र जशाच्या तशा राहतात, कारण तेरावा महिना नसतो. त्यामुळे अर्धा महिना बिघडतो आणि अर्धा बरा दिसतो. इकडे मात्र ‘मेल मिळाला’ हे उत्तर येऊन पडलेलं असतं.

माणसाकडून पोच मागताना नुसतं ‘मिळालं’ चालत नाही. मेलमध्येच चार आकडे लिहून द्यावेत आणि तेच उलट मागावेत: एकूण ओळी, पहिली व शेवटची तारीख, पतंगांची बेरीज, रिकामे रकाने. ८ गावं, प्रत्येकी ५ सापळे, ७ रात्री, म्हणजे २८० ओळी यायलाच हव्यात. रिकाम्या रकान्यांचा आकडा कुणी गाळू नये. वाऱ्याने एक सापळा पडला आणि उरलेल्या चारांत एका रात्री ३२ पतंग सापडले, तर सापळ्यामागे सरासरी ८, म्हणजे आर्थिक नुकसानीची पातळी, जिथे फवारणी करावी लागते (सलग तीन रात्री टिकली तर). तोच रिकामा रकाना शून्य धरला की सरासरी ६.४ वर येते आणि फवारणीचा सल्ला निघतच नाही. बेरीज दोन्हीकडे ३२च, म्हणून नुसत्या बेरजेवर हे पकडलं जात नाही.

या पोचेला वेळ लागतो, माणूस रजेवर असला तर अडतंही. दोन कामाचे दिवस वाट पाहून फोन करावा. तीच फाईल नव्या नावाने पुन्हा पाठवू नये, नोंदी दुबार चढतात. दुरुस्ती असेल तर त्याच मेलला उत्तर देऊन, विषयात ‘दुरुस्त प्रत २, आधीची रद्द’ असं लिहून पाठवावी.

केंद्रात एक जरी माणूस चार आकडे लिहायला तयार असेल, तर माझा कल त्याच्याकडेच. तारीख मात्र तरीही २०२५-०८-०५ अशीच लिहावी.