वाडीवरची शाळा की समूह शाळा?

२०पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायचे प्रस्ताव राज्याच्या शिक्षण विभागाने २०२३ मध्ये मागवले. तिथे इयत्तेला वर्ग, विषयाला शिक्षक, खेळायला गडी. वाडीवर एक-दोन गुरुजी चार इयत्ता एकाच खोलीत हाकतात, वर खिचडीचा हिशेब आणि ऑनलाइन माहिती भरणं.

पण वाडीची शाळा वाडीच्या डोळ्यासमोर असते. व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक. गुरुजी दोन दिवस दिसले नाहीत की पाणवठ्यावरची आजीसुद्धा विचारते. समूह शाळेत विचारायला जायचं तर एसटी गाठा, दिवसाची मजुरी बुडवा. आणि पावसाळ्यात ओढा भरला की मुलांची गाडी अलीकडेच अडते. मग घरी बसते ती बहुधा मुलगी.

पाचवीपुढे समूह शाळा मला पटते. पहिलीच्या पोराला मात्र शिक्षण हक्क कायद्याने दिलेली, घरापासून एक किलोमीटरच्या आतली शाळाच बरी.