डायरीच्या पहिल्या पानावरचे ध्येय: दहा महिन्यांचा अनुभव

गेल्या जूनमध्ये मुलीला धर्मभगिनींच्या एका कॅथलिक शाळेत पाचवीत घातले. आम्ही ख्रिस्ती नाही. मराठवाड्यातल्या आमच्या जिल्ह्याच्या गावी या शाळेत जाणारी बहुतेक मुले आमच्यासारख्याच घरांतली आहेत. शाळेच्या डायरीच्या पहिल्या पानावर ध्येय छापलेले आहे: प्रत्येक मूल ईश्वराच्या प्रतिमेत घडलेले असल्याने त्याची प्रतिष्ठा जपावी आणि वंचितांना प्राधान्य द्यावे. प्रवेशाच्या वेळी ते वाचण्याआधी मी शुल्काचा तक्ता पाहिला, हे कबूल करतो.

नातेवाइकांना धर्माची धास्ती होती, ती पंधरवड्यातच ओसरली. मान्यताप्राप्त शाळेत पालकांच्या संमतीशिवाय अल्पवयीन मुलावर धार्मिक शिक्षणाची सक्ती करता येत नाही, असे राज्यघटनेचे कलम २८ सांगते. इथे कॅथलिक मुले धर्मशिक्षणाला जातात तेव्हा बाकीच्यांचा मूल्यशिक्षणाचा तास असतो.

मूल्यशिक्षणाच्या पुस्तकापेक्षा मला उपवासकाळातला डबा अधिक पटला. ईस्टरपूर्वीच्या त्या दिवसांत वर्गात मागच्या बाकावर झाकणाचा पत्र्याचा डबा असे आणि ज्याला जमेल त्याने मूठभर धान्य आणून त्यात टाकायचे. पुढे ते वृद्धाश्रमात गेले. मुलगी गावाकडची ज्वारी नेत असे. कोणी किती आणले, कोणी आणलेच नाही, याची नोंद बाईंनी मुद्दाम ठेवली नाही.

याच वर्गात दिवाळीच्या आधी शुल्क थकलेल्या मुलांची नावे मोठ्याने वाचली गेली होती. मुलीच्या शेजारी बसणाऱ्या मुलीचे वडील शेतकरी, सोयाबीनचे पैसे हातात यायचे होते. ती दोन दिवस शाळेतच आली नाही. शिक्षणहक्क कायद्यातील २५ टक्के राखीव जागांची तरतूद सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानुसार अल्पसंख्याक शाळांना लागू नाही, त्यामुळे वंचितांना प्राधान्य देणे हे अशा शाळेच्या स्वतःच्या इच्छेवरच राहते, आणि म्हणून ही चूक मला अधिक खटकली. मी डायरी उघडून मुख्याध्यापिका सिस्टरांसमोर ठेवली. त्यांनी सबब सांगितली नाही. तेव्हापासून थकबाकीची चिठ्ठी बंद पाकिटात घरी येते, आणि त्या मुलीच्या वडिलांना हप्ते बांधून मिळाले.

पालकसभेचा प्रश्न मात्र अर्धाच सुटला आहे. कॅथलिक चर्चच्या धर्माध्यक्षांची जी द्वितीय व्हॅटिकन परिषद झाली, तिच्या २८ ऑक्टोबर १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणापत्रात आईवडिलांना मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक म्हटले आहे. आमच्या पहिल्या सभेत मात्र हे मुख्य शिक्षक तासभर इंग्रजी भाषण ऐकत खाली मान घालून बसले होते. (मीही त्यातलाच, प्रश्न होता, पण वाक्य जुळवेपर्यंत सभा संपली.) जानेवारीच्या सभेत सिस्टर मराठीत बोलल्या, त्यांची मराठी थोडी अडखळती होती, पण त्या दिवशी पहिल्यांदाच मागच्या रांगेतून प्रश्न आले. परिपत्रके अजूनही इंग्रजीतच निघतात. आजीला ती मराठीत सांगण्याचे काम आमच्या घरी मुलीकडे आहे.