मॉडिफाइड टूर की आर्का?

भाचा कनेक्टिकटला राहायला गेलाय. "मामा, शर्यती नियमित बघायच्या, तर नॅस्करची व्हेलन मॉडिफाइड टूर की आर्का मेनार्ड्स?" हा त्याचा प्रश्न. नॅस्कर म्हणजे अमेरिकेत मोटारींच्या शर्यती भरवणारी संस्था; या तिच्या दोन मालिका.

आधी गाड्या. मॉडिफाइड म्हणजे बुटकी, रुंद गाडी. चाकं उघडी, अंगाबाहेर. आर्काच्या गाड्या रस्त्यावरच्या सेडानसारख्या, चाकं झाकलेली.

इतिहासात मॉडिफाइड थोरली. १९४८ साली फ्लोरिडातल्या डेटोनाच्या वाळूवर नॅस्करची पहिली शर्यत झाली, ती मॉडिफाइड गाड्यांचीच. आजची टूर मात्र १९८५ची. तिचा पहिला विजेता रिची इव्हान्स; पण करंडक घ्यायला तो उरला नाही, त्याच वर्षी ऑक्टोबरात व्हर्जिनियातल्या मार्टिन्सव्हिलच्या धावपट्टीवर सराव करताना अपघातात तो वारला. एकूण नऊ राष्ट्रीय अजिंक्यपदं त्याच्या नावावर! आर्का १९५३ साली ओहायोतल्या टोलेडोत जॉन मार्कमने सुरू केली. २०१८मध्ये नॅस्करनेच ती विकत घेतली.

प्रवासाचं गणित सरळ आहे. स्टॅफर्ड, थॉम्पसन या मॉडिफाइडच्या जुन्या धावपट्ट्या तुझ्याच राज्यात. आर्का डेटोना, अलाबामातल्या टॅलाडेगापासून इलिनॉयच्या मातीच्या मैलभर धावपट्ट्यांपर्यंत फिरते, म्हणजे विमानाचं तिकीट आलंच.

चालकांतही फरक आहे. आर्कात बरीच पोरं नॅस्करच्या वरच्या मालिकांत जायची वाट बघत असतात. वर्षभरात नावं बदलतात. फ्रँक किमेलसारखा दहा वेळा अजिंक्यपद जिंकून तिथेच रमणारा विरळा. मॉडिफाइडमध्ये बरेच जण वर्षानुवर्षं टिकतात, त्यामुळे वैरंही मुरतात. मला तेच आवडतं.

उद्याचे मोठे चालक आधीच हेरायचे असतील, तर आर्का टीव्हीवर बघ. शुक्रवारी रात्री कठड्याजवळ बसून इंजिनाचा आवाज छातीत घ्यायचा असेल, तर स्टॅफर्ड गाठ.