वीज वाचवायला दारात आलेल्यांनी ५,०९० रुपये नेले

सहा बल्ब प्रत्येकी १८०, तीन एलईडी ट्यूब प्रत्येकी ४५०, ‘पॉवर सेव्हर’ची पेटी २,५६० आणि नोंदणीचे म्हणून १००. एकूण ५,०९०. त्यातले २,००० रोख दिले, ३,०९० मोबाइलवरून. आकडे मुद्दाम लिहिते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे कुणाच्या दारात हाच हिशेब मांडला गेला, तर दार लावून घ्या.

दोघे जण होते. गळ्यात वीज कचेरीच्या नावाची ओळखपत्रं, हातात शिक्का मारलेला कन्नड कागद. “काकी, जुन्या चोकच्या ट्यूब ठेवल्या तर गृहज्योतीचा लाभ जातोय बघा. २०० युनिटच्या वर गेलं की सगळं बिल तुम्हालाच भरायचं.” यातलं शेवटचं वाक्य खरं आहे. २०२३ पासून कर्नाटकात गृहज्योती योजनेत घरांना ठराविक युनिटपर्यंत फुकट वीज आहे, पण २०० युनिट ओलांडले की त्या महिन्याचं पूर्ण बिल येतं. उन्हाळ्यात पंखे लागले की आम्ही सगळेच मीटरकडे बघत असतो. त्याच भीतीवर त्यांचा धंदा चालतो. आणि २०१५ ची उजाला योजना आठवा. तेव्हा सरकारनेच स्वस्तात बल्ब वाटले होते, मग आताही वाटत असतील असं कुणालाही वाटेल. मालक उद्यमबागेत ड्युटीवर, घरात मी आणि सासूबाई. आम्हाला कन्नड बोलता येतं, पण सरकारी कागद वाचणं वेगळं. पुढे दिराच्या मुलीने तो कागद वाचला. कसल्याशा थकबाकीची जुनी नोटीस होती, बल्बचा त्यात शब्दही नाही. असा कागद कुणी दाखवला तर आधी मोबाइलवर फोटो काढा. खरा माणूस थांबेल.

मग त्यांनी ‘टेस्ट’ दाखवली, आणि माझा संताप अजून तिथेच अडकून आहे. तीन ट्यूब आणि पंखा चालू केला, वायरीला करंट मोजायचं चिमट्याचं मीटर लावलं. आकडा १.४ अँपिअर. पेटी प्लगमध्ये घातली, आकडा ०.९ वर आला. “बघा, तिसरा हिस्सा वाचला.” सासूबाई तेव्हा कट्ट्यावर मीटरखाली बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “अगं, हा लाल दिवा तर तसाच लुकलुकतोय.” तेच खरं होतं! मीटरवरचा तो दिवा जितकी वीज खर्च होते तितक्या वेगाने लुकलुकतो. वीज वाचली असती तर तो मंदावला असता. त्या दोघांपैकी एकाने लगेच “आजी, मीटर जुना आहे, उशिरा दाखवतो” म्हणत त्यांना पाणी आणायला आत पाठवलं. समोर आकडा डोळ्यांनी उतरताना दिसत असताना कोण मागे वळून दिवा बघतो?

भाचा वायरमन आहे. त्याने पेटी उघडली तर आत एक छोटा कपॅसिटर आणि बाहेर दिसणारा हिरवा दिवा, बस्स. जुन्या ट्यूबच्या चोकमुळे वायरीतून जो करंट नुसता ये-जा करतो तो कपॅसिटरने कमी होतो, म्हणून चिमट्याचा आकडा पडतो. पण घरगुती मीटर त्या ये-जा करणाऱ्या करंटचे पैसे लावतच नाही, ते फक्त खर्च झालेले युनिट मोजतं. त्यामुळे पेटी लावा नाहीतर काढा, बिल तेच. बल्बवर १२ वॉट छापलेलं, भाच्याच्या मीटरवर ५ भरले. उजेड कमी का, ते तेव्हा कळलं. त्यातले दोन पावसाळ्याआधीच गेले. पावतीवरचा फोन बंद.

एलईडी वाईट नाही, हे सासूबाईंनाही समजावते आहे. ६० वॉटचा जुना बल्ब रोज पाच तास जळला तर महिन्याला ९ युनिट, ९ वॉटचा एलईडी तेवढाच उजेड देऊन दीड युनिटही घेत नाही. पण तो दुकानातून घ्या, शंभराच्या आत मिळतो. खोक्यावर आयएसआयचा शिक्का नव्हे, तर भारतीय मानक ब्युरोचा, म्हणजे बीआयएसचा, ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी नंबर बघा. बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये तो टाकला की कंपनी दिसते. आमच्या बल्बवर नंबरच नव्हता.

आता कचेऱ्यांचं ऐका. वीज कचेरीत म्हणाले, ती आमची माणसं नाहीत, आम्ही काय करणार. अहो, तुमच्या नावाची ओळखपत्रं घालून लोक गावात फिरतायत, निदान एक फलक तरी लावा, तोही मराठीत! नाही. ठाण्यात म्हणाले, वस्तू मिळाली ना, मग ही फसवणूक कशी? सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन केला तर उत्तर मिळालं, पैसे तुम्ही स्वतः समोर उभं राहून दिलेत, ठाण्यात जा. ठाण्यात परत गेले तर अर्ज कन्नडमध्ये आणा. तोही लिहून नेला. पोच मागितली तर साहेब जेवायला गेलेले. ज्या खात्यात ३,०९० गेले त्याला नाव आहे, बँक आहे, आधार जोडलेलं असेल. ते शोधायला किती वेळ लागतो? रक्कम लहान म्हणून कुणी हलत नाही, आणि हे चोर नेमकी तेवढीच रक्कम मागतात.

रोख देऊ नका. माझे २,००० कुठे गेले याचा कसलाच पुरावा नाही. मोबाइलवरून दिलेल्या पैशांचा १२ आकडी व्यवहार नंबर मात्र माझ्याकडे आहे. आमच्या गल्लीत आणखी दोन घरांत तीच पेटी निघाली. त्यांचेही नंबर घेतले आहेत. आता तिन्ही घरांचा मिळून एकच अर्ज बेळगावला वरच्या साहेबांकडे देतो आहोत. ज्यांच्याकडे अशी पेटी आहे त्यांनी ती आणि पावती टाकू नये, आमच्या अर्जात नाव घालावं.