चाचणीची छोटी भट्टी आणि मोठ्या भट्टीशी मेळ
ही छोटी विजेची भट्टी ग्लेझच्या, म्हणजे मातीच्या भांड्यांवरील काचेसारख्या लेपाच्या, चाचणीसाठी मी मनापासून सुचवीन, परंतु तिच्यातील तयार प्रोग्राम जसाच्या तसा वापरू नये. भिंती पातळ आणि आत माल थोडा असल्यामुळे ती फार लवकर निवते. म्हणून मोठ्या भट्टीत सावकाश स्फटिक धरून मॅट होणारे ग्लेझ येथे चकचकीत निघते. सुदैवाने कंट्रोलरमध्ये स्वतःचे टप्पे भरता येतात, आणि हाच तिचा खरा गुण आहे. शेवटचे १०० अंश ताशी ६० अंशांनी चढवून, सहा क्रमांकाचा कोन (ठरावीक उष्णता मिळाली की वाकणारा, भट्टीत ठेवायचा छोटा सुळका) वाकेपर्यंत, म्हणजे सुमारे १२२२ अंश सेल्सिअसपर्यंत नेले आणि ११०० ते ८०० अंशांदरम्यान ताशी ८० अंशांची उतरण नेमली, तेव्हा दोन्ही भट्ट्यांतील नमुने जुळले. दाराजवळ मात्र उष्णता थोडी कमी पडते, त्यामुळे तेथेही एक कोन ठेवावा.