गॅस कापणार म्हणून फोन आला आणि दीड लाख गेले (लांबलंय, पण वाचा)

लिहू की नको करत चार महिने घालवले. शेवटी बायको म्हणाली, लिहून टाक एकदाचं, लोक हसतील तर हसतील.

गेल्या पितृपक्षातली गोष्ट. शनिवारी वडिलांचं श्राद्ध होतं म्हणून शुक्रवारी भोसरीहून कंपनीतून जरा लवकरच निघालो, आम्ही कोथरूडला राहतो. घरात ही गडबड, बायको पेपर पसरून अळूची पानं पुसत बसलेली, गुरुजी सकाळी अकराला येणार, बहीण-मेव्हणे साताऱ्याहून येणार, पंधरा-सोळा पानं व्हायची होती. सहा वीसला फोन वाजला. नंबर साधा, दहा आकडी. पलीकडून हिंदीत, सर आपका पिछला गॅस बिल अपडेट नहीं हुआ है, आज रात साढ़े नौ बजे लाइन कट जाएगी.

आता एरवी मी असला फोन तिथल्या तिथे ठेवला असता, खरंच ठेवला असता. पण उद्या घरात वडे, खीर, पाच भाज्या करायच्या आणि आज रात्री गॅस जाणार म्हटल्यावर डोकं चालेनासं झालं. आमच्याकडे पाइपचा गॅस आल्यापासून सिलिंडर परत केलेला, म्हणजे पर्यायच नाही. मी म्हटलं बिल तर भरलंय मी. तो म्हणाला हो सर भरा है, लेकिन सिस्टम में नहीं दिख रहा, मैं सीनियर से बात कराता हूँ.

आणि हा जो सिनियर आला ना लाइनवर, तो अस्सल मराठी. आपल्या सदाशिव पेठेतला असावा असा. काका नमस्कार, बोला ना काय अडचण आहे. माझं नाव, पत्ता, फ्लॅट नंबर सगळं त्याने स्वतःच वाचून दाखवलं, मी फक्त हो हो म्हणत होतो. माझ्या तोंडून निघून गेलं की अहो उद्या घरी श्राद्ध आहे, गॅस बंद होऊन कसं चालेल. तो म्हणाला, कुणाचं हो काका? म्हटलं वडिलांचं. क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, मग आत्ताच करून टाकू, तुमच्या कार्यात अडथळा नको.

पैसे गेल्याचं दुःख आता बरंच कमी झालंय, पण हे वाक्य आठवलं की अजून कानशिलं तापतात.

मग त्याने व्हॉट्सॲपवर एक फाइल पाठवली. नाव गॅस बिल अपडेट आणि पुढे डॉट एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवायची फाइल, डीपीला आगीच्या ज्योतीचं चित्र. फाइल उघडली तर फोनच म्हणाला की हे ॲप बाहेरून आलंय, धोकादायक असू शकतं. तो म्हणाला काका ते सगळ्यांनाच येतं, अलाऊ करा. केलं. मग मेसेज हाताळायची परवानगी मागितली, तीही दिली. मग बारा रुपये भरायचं पान आलं, व्हेरिफिकेशन म्हणे, डेबिट कार्डचा नंबर, तारीख, मागचे तीन आकडे टाकले. पेमेंट फेल. काका सर्व्हर डाऊन आहे परत टाका. परत टाकले. परत फेल. तो म्हणाला असू दे, उद्या दुपारपर्यंत आपोआप अपडेट होईल, फक्त ॲप डिलीट करू नका नाहीतर प्रोसेस अडकेल. आणि फोन ठेवताना, कार्य नीट होऊ दे काका. मी त्याला थँक यू म्हणालो. हो, म्हणालो.

साडेसातला गुरुजींच्या दक्षिणेसाठी आणि किरकोळ खर्चासाठी एटीएमवर गेलो. पाच हजार काढले आणि पावती घेतली, मला पावती घ्यायची सवय आहे. त्या पावत्यांची शाई किती फिकट असते माहितीये ना, दिव्याखाली धरून वाचली तर शिल्लक ५७,४१२. मला वाटलं पुढचा १ छापायचा राहिलाय. अक्षरशः असं वाटलं. अंगठ्याने घासून पण बघितलं की तिथे पुसटसा एक आकडा आहे का. खात्यात १,६२,४१० होते, पाच काढले तर १,५७,४१० हवे होते. मग शेवटचे आकडे बघितले, १० च्या जागी १२, आणि मग पोटात खड्डा पडला. ४९,९९९ दोनदा गेले होते, ९९,९९८. ओटीपीचा एकही मेसेज मला दिसला नव्हता कारण मेसेज हाताळायची परवानगी मीच दिलेली, ओटीपी थेट त्यांच्याकडे जात होते आणि माझ्या इनबॉक्समधून गायब होत होते. म्हणजे मी कुणाला ओटीपी सांगितला नाही हे खरंच आहे आणि त्याचा उपयोग शून्य आहे हेही खरंच आहे. ओटीपी कुणाला सांगू नका एवढंच आपण ऐकत आलोय आणि मी ते पाळलं सुद्धा.

आता इथून पुढे मी जे केलं, म्हणजे केलंच नाही, ते सांगण्यासाठी हा सगळा पसारा मांडलाय.

मी घरी आलो. बायकोने विचारलं काढले का पैसे, म्हटलं हो पाच. आणि गप्प बसलो. मी पर्चेसमध्ये आहे, अठ्ठावीस वर्षं व्हेंडरची बिलं तपासतोय, जीएसटी नंबरात एक अक्षर चुकलं तरी मला लांबून दिसतं अशी ख्याती आहे माझी. मागच्या वर्षी आमच्या स्टोअर्समधल्या एकाचे केवायसीच्या फोनवर वीस हजार गेले तेव्हा कँटीनमध्ये सगळ्यांसमोर मीच म्हणालो होतो की लोक इतके कसे बावळट असतात. तर आता कुणाला सांगणार? म्हटलं उद्या श्राद्ध होऊ दे, घरात आज रडारड नको, सोमवारी बँकेत जाऊ. त्या नंबरवर दोन-तीनदा फोन लावला, बंद. मग दूरदर्शी माणसासारखा ॲप तसंच ठेवून, कार्ड चालू ठेवून, फोन उशाशी घेऊन झोपलो. झोप कुठली लागायला.

रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी आणखी ४९,९९९ गेले.

का माहितीये? माझ्या कार्डाला ऑनलाइनची रोजची एक लाखाची मर्यादा होती. बारा वाजले, नवा दिवस, नवी मर्यादा. ते लोक वाट बघत बसले होते आणि मी दोन फुटांवर कूस बदलत पडलो होतो. साडेसात ते बारा, साडेचार तास होते माझ्या हातात, कार्ड ब्लॉक करायला दोन मिनिटं लागतात. हे तिसरे पैसे त्या पोराने नाही नेले, माझ्या लाजेने नेले असं मी आता म्हणतो.

दुसऱ्या दिवशी श्राद्धाला बसलो तर गुरुजी अपसव्य म्हणाले की मी जानवं भलत्याच खांद्यावर घेत होतो, तीन वेळा चुकलो. बहिणीची मुलगी हिंजवडीला नोकरीला आहे, ती लांबून बघत होती. पानं वाढायच्या आधी मला गॅलरीत घेऊन गेली, मामा काय झालंय? मी सांगितलं. ती ओरडली नाही, पहिला प्रश्न विचारला, १९३० ला फोन केलास का? १९३० म्हणजे सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. ती सांगणारी अमिताभच्या आवाजातली कॉलर ट्यून मी किती महिने शिव्या देत ऐकली होती, आणि गरजेच्या वेळी काही आठवलं नाही.

मग तिने जे केलं ते त्याच क्रमाने सांगतो कारण क्रमाला महत्त्व आहे. आधी माझा फोन फ्लाइट मोडवर टाकला आणि वायफाय बंद केलं. मग बायकोच्या फोनवरून बँकेला फोन करून कार्ड आणि नेटबँकिंग ब्लॉक केलं. बँकेचा नंबर गूगलवर शोधला नाही, कार्डाच्या मागचा वापरला, कारण गूगलवर खोटे कस्टमर केअर नंबर पेरून ठेवलेले असतात. मग १९३०, चौथ्या प्रयत्नात लागला, तिथे बँकेचं नाव, प्रत्येक व्यवहाराचा नंबर, वेळ, रक्कम विचारली, ही माहिती कागदावर काढून मगच फोन लावा नाहीतर शोधाशोधीत वेळ जातो. मग सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार पूर्ण भरली, स्क्रीनशॉट जोडले. तो त्या पोराचा व्हॉट्सॲप चॅट मी रागाने डिलीट करणार होतो, तिने हातातून फोन काढून घेतला. शेवटी सेटिंगमध्ये जाऊन ते ॲप शोधलं (स्क्रीनवरून त्याचं चिन्ह गायब झालं होतं, यादीत होतं), कॉल फॉरवर्डिंग चालू नाही ना ते बघितलं, आणि सगळं झाल्यावर फोन फॅक्टरी रीसेट.

सोमवारी पोलीस स्टेशनला गेलो. तिथले साहेब चांगले होते, फक्त एक वाक्य बोलले, काका शुक्रवारी रात्री फोन केला असता तर. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पाच खात्यांत असे तासाभरात फुटतात, कुणाचं तरी भाड्याने घेतलेलं खातं असतं, त्यातून एटीएमने काढून घेतात. पहिले दोन व्यवहार कधीच संपले होते. तिसऱ्यातले ३१,२०० एका खात्यात अडकलेले सापडले आणि ते गोठवले. ते परत मिळायला तेव्हा कोर्टाचा आदेश लागायचा, तो जानेवारीत झाला. बाकी गेले ते गेले.

बँकेशी पण भांडलो. रिझर्व्ह बँकेचं तेव्हा ६ जुलै २०१७ चं परिपत्रक होतं, त्याप्रमाणे चूक बँकेची नाही आणि तुमचीही नाही, मध्येच कुठेतरी गडबड झाली आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाला भुर्दंड नाही. पण चूक ग्राहकाची असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, आणि कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे बघा, मी साडेसातला कळवलं असतं तर एक तर बाराचा व्यवहार झालाच नसता, आणि झाला असता तरी तो बँकेच्या माथी होता. हे वाचून मी परत एकदा गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

फोन ओळखायचे कसे, तर आता मला सगळेच फोन संशयास्पद वाटतात ती गोष्ट वेगळी. पण बँकांनी व्यवहाराचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून आणि जाहिरातीचे १४० वाल्यावरून करायचे असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंय, त्यामुळे साध्या मोबाईल नंबरवरून बँक बोलतेय म्हटलं की मी ऐकतच नाही. यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच नाही. व्हॉट्सॲपवर एपीके आली की विषय संपला, पाठवणारा सख्खा भाऊ असला तरी, कारण त्याचाही फोन आधीच गेलेला असू शकतो, लग्नपत्रिका म्हणून पण तेच पाठवतात. आणि डिजिटल अरेस्ट, म्हणजे फोनवरच अटक केली म्हणून घाबरवतात ते, असला प्रकार आपल्या कायद्यात नाहीच. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना तो फोन आलेला, तुमच्या नावाच्या पार्सलात ड्रग्ज सापडलेत, मुंबई क्राइम ब्रँच बोलतेय वगैरे. आजींना कमी ऐकू येतं. त्या दहा मिनिटं मोठ्याने बोला, मोठ्याने बोला करत राहिल्या, शेवटी क्राइम ब्रँचनेच फोन ठेवला.

पण खरं सांगू का, ही यादी शुक्रवारी सकाळी तुम्ही मला विचारली असती तर यातलं निम्मं मी तोंडपाठ म्हणून दाखवलं असतं. माहिती होतीच. तो फोन बरोबर माझ्या अडचणीच्या ठिकाणी येऊन बसला. त्यांनी शेकडो लोकांना लावला असेल, शेकडो लोकांनी ठेवला असेल, माझ्याकडे उद्या श्राद्ध होतं. कुणाकडे पेशंट असेल, कुणाकडे पाहुणे. त्यामुळे आज, आत्ता, साडेनऊच्या आत असं कुणी म्हणालं की मी म्हणतो दहा मिनिटांनी करतो आणि बिलावर छापलेल्या नंबरवर स्वतः फोन लावतो.

डिसेंबरात परत एक फोन आला, यावेळी लाइट बिल. म्हटलं मीटर जिन्याखाली आहे, दाराला कुलूप नाही, येऊन कापून जा. ठेवला. मग संचार साथी या सरकारी साइटवर फसव्या फोनची तक्रार करायला चक्षू म्हणून आहे तिथे तो नंबर टाकला, दोन मिनिटांचं काम.

स्टोअर्समधल्या त्या माणसाला पण कँटीनमध्ये गाठून सगळं सांगितलं. तो हसला नाही. त्याने माझ्यासाठी चहा आणला.

घरी बायकोने फ्रिजवर कागद लावलाय. वरती मोठ्या अक्षरात १९३०, खाली बँकेचा कार्ड ब्लॉक करायचा नंबर, आणि सगळ्यात खाली लाल पेनाने, आधी मला हाक मारायची.