पॉवर टिलर की पॉवर वीडर? कोकणातल्या उताराच्या जमिनीसाठी

दुकानात गेलं की बोलणं एचपीवरून सुरू होतं. कोकणात मात्र यंत्र निवडताना आधी दोन गोष्टी बघाव्यात असं मला ठामपणे वाटतं: ते रस्त्यावरून भाताच्या खाचरापर्यंत कुठल्या वाटेने जाणार, आणि रोज कोणाच्या हातात राहणार.

पॉवर टिलर म्हणजे 12-13 एचपीचं डिझेल इंजिन, दोन चाकं आणि मागे रोटरी, म्हणजे माती फोडणारी फिरती पाती. वजन 400 किलो किंवा त्याहून जास्त. पॉवर वीडर म्हणजे तण काढायचं छोटं यंत्र; तो 5 ते 9 एचपीचा, पेट्रोलवरचा असेल तर बहुधा शंभर किलोंच्या आत. भाताची चिखलणी करायची तर टिलरला तोड नाही. लोखंडी चाकं लावली की तो गुडघाभर चिखलातही चालतो. नारळ-सुपारीच्या वाडीत, झाडांच्या ओळींमधून फिरायला वीडर सोयीचा. कामाचा फरक एवढाच, आणि तो सगळ्यांना ठाऊक असतो.

टिलरचा खरा धोका उतारावर आहे. वळण्यासाठी त्याच्या हँडलवर दोन्ही बाजूंना एकेक साइड क्लच असतो. सपाटीवर उजवा साइड क्लच दाबला की उजव्या चाकाची ताकद तुटते, डावं चाक ढकलत राहतं आणि यंत्र उजवीकडे वळतं. उतार उतरताना नेमकं उलटं होतं. तिथे इंजिन चाकांना रोखून धरत असतं. उजवा क्लच दाबला की उजवं चाक मोकळं सुटून पुढे धावतं आणि टिलर डावीकडे जातो. घाटीच्या वळणावर, मागे भरलेली ट्रॉली असताना, हे समजायला क्षणभरही मिळत नाही. म्हणून उतरताना सगळ्यात खालचा गिअर आधीच टाकावा, साइड क्लचला हात लावू नये, हँडल अंगाने रेटून दिशा द्यावी. मुख्य क्लचने चाकं इंजिनापासून तोडून गाडी मोकळी करायची नाही. ट्रॉलीत माणसं बसवणं तर पूर्ण बंद करा. घरात हे यंत्र एकच माणूस चालवणार असेल आणि तो मुंबईहून फक्त पेरणीला येणारा असेल, तर टिलर विकत घेऊ नये असंच मी सांगेन. चालवणाऱ्यासकट भाड्याने आणा.

वीडरमध्ये धोका वेगळा. पुढे पाती असलेल्या वीडरला काम करताना चाकं नसतात, फिरणारी पातीच त्याला ओढतात. कडक जमीन, जांभ्याचा दगड किंवा नारळाची मुळी लागली की तो उडी मारून पुढे पळतो. पाती किती खोल जावीत ते ठरवणारा मागचा दांडा जमिनीत रुतवून ठेवला तर वेग आवरतो. नवखा माणूस घाबरून हँडल उचलतो आणि यंत्र आणखी पळतं. त्याहून वाईट म्हणजे रिव्हर्स. मागे गडगा (दगडी कुंपण) किंवा माड असेल आणि पाती फिरत असतील, तर पाय सरळ पात्यांत जातो. क्लचचा लिव्हर हातातून सोडताक्षणी पाती थांबतात का, हे यंत्र घेण्याआधी स्वतः बघा, आणि तो लिव्हर सुतळीने बांधून कधीही काम करू नका. पात्यांत वेल गुंडाळली की इंजिन बंद करून, पेट्रोलचं असेल तर स्पार्क प्लगची टोपी काढून मगच हात घालायचा. लुंगी, पदर, ओढणी नको. गमबूट हवेतच, मग यंत्र कुठलंही असो.

आता नेण्या-आणण्याचं. टिलर रस्त्याने स्वतः जातो, पण सावकाश. संध्याकाळी परतायचं तर मागे रिफ्लेक्टर आणि दिवा लागतो. लोखंडी चाकांवर तो डांबरी रस्त्यावर काढू नये. टेम्पोत चढवायचा तर फळ्या हौद्याच्या उंचीच्या निदान चौपट लांब असाव्यात. यंत्र आधी सरळ करून घ्यायचं, कारण फळीवर वळवायला गेलात की तो खाली आलाच. फळ्यांच्या आजूबाजूला कोणी उभं राहू नये.

वीडर छोट्या टेम्पोत सहज मावतो, आणि लोकांची हयगय होते ती इथेच. इंजिन निवू द्या, पेट्रोलचा कॉक बंद करा, टाकी काठोकाठ भरू नका. यंत्र उभंच ठेवा. आडवं केलं की ऑइल एअर फिल्टरमध्ये उतरतं आणि दुसऱ्या दिवशी ते सुरू होत नाही. दोरी हँडलला नको, फ्रेमला बांधा. घर पाखाडीच्या पायऱ्या उतरून असेल, तर पाती आणि दांडा काढून, दोघांनी फ्रेम धरून हलका वीडर खाली नेता येतो. टिलर तिथे नेणं हा विचारच सोडावा.

माझा कौल असा: खाचरापर्यंत बैलगाडीची वाट असेल, भात एकरभराहून जास्त असेल आणि गावात राहणारा सरावाचा माणूस असेल, तर टिलर. वाडी मोठी आणि भात थोडं असेल तर वीडर, चिखलणीपुरता टिलर भाड्याने. दोन्हींच्या सरकारी अनुदानासाठी महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर अर्ज करता येतो, पण पूर्वसंमती येण्याआधी बिल करू नका. आणि डेमो दुकानाच्या अंगणात घेऊ नका. विक्रेत्याला तुमच्या उतारावर यायला सांगा, आणि घरात जो चालवणार आहे त्याच्याच हातात यंत्र द्या.